तिजोरी किती मिनिटे टिकते?

बँकेत शिरताना बहुतेक ठिकाणी जरा वाकावे लागते. चॅनेल गेट अर्धे ओढलेले असते आणि उरलेल्या फटीत आडवी साखळी अडकवलेली असते. म्हातारी माणसे तिच्यावरून कुरकुरतात, पिशवीवाल्यांची पिशवी तिच्यात अडकते. ही साखळी एखादा धट्टाकट्टा माणूस साध्या कटरने कापू शकतो. मग ती तिथे कशाला? चौघांना एका झटक्यात आत घुसता येऊ नये, आणि घुसलेच तर पिशव्या घेऊन धावत बाहेर पडता येऊ नये, एवढ्यासाठीच. तिच्यामुळे प्रत्येक माणसामागे काही सेकंद जातात. बँकेच्या सुरक्षेचे सारे यंत्रशास्त्र या सेकंदांच्या हिशेबावर उभे आहे. कुठलेही कुलूप, दार किंवा तिजोरी कधीच फुटणार नाही, असे नसते. ती किती वेळ टिकते, एवढाच प्रश्न असतो.

नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यासारख्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. ऊस, केळी, पपई, कापूस यांचा पैसा हंगामात एकदम हाती येतो. त्यातले काही सोन्यात जाते, आणि अडचणीच्या वर्षी तेच सोने तारण म्हणून बँकेत परत येते. सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी घरांत चांदीचे दागिने पिढ्यान्‌पिढ्या जपलेले असतात. ही सगळी पुंजी कुठल्या तरी पोलादी दाराआड असते, आणि ‘लॉकरमध्ये ठेवले, आता काळजी मिटली’ असे आपण म्हणतो. ते दार नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे म्हणूनच समजून घेतले पाहिजे.

‘अभेद्य’ कुलूप आणि ५१ तास

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये जोसेफ ब्रामा याने एक कुलूप बनवले. ते किल्लीशिवाय उघडून दाखवणाऱ्याला २०० गिनी बक्षीस, अशी पाटी त्याच्या दुकानाच्या खिडकीत लावलेली असे. अनेक दशके कुणालाही ते जमले नाही. १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनासाठी अल्फ्रेड हॉब्स नावाचा अमेरिकन कुलूपतज्ज्ञ आला. त्याने ते कुलूप उघडले, पण त्यासाठी त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास काम करावे लागले. इंग्लंडच्या अब्रूला धक्का बसला, वर्तमानपत्रांत वाद रंगले.

आज मागे वळून पाहिले तर यात ब्रामाची हार कमी आणि यशच जास्त दिसते. ५१ तास निवांत बसून कुलपाशी खेळू देईल, अशी बँक जगात कुठे आहे? कुलूप उघडते की नाही, यापेक्षा ते किती वेळात उघडते, याला महत्त्व आले ते इथून.

आजची प्रमाणपत्रे याच हिशेबाने दिली जातात. अमेरिकेतील अंडररायटर्स लॅबोरेटरीज या संस्थेचा ‘टीएल-१५’ शिक्का असलेली तिजोरी म्हणजे निष्णात माणसांनी हातहत्यारे आणि विजेवरची हत्यारे घेऊन तिच्या दारावर चालवली तरी १५ मिनिटे टिकणारी तिजोरी. ‘टीएल-३०’ म्हणजे ३० मिनिटे. या चाचणीत फक्त हत्यार प्रत्यक्ष चालू असतानाचा वेळ मोजतात. पाते बदलायला, घाम पुसायला किंवा पुढची युक्ती ठरवायला घेतलेला वेळ त्यात धरत नाहीत. चोराला हे सगळे करावे लागते, शिवाय त्याला तिजोरीचा आराखडाही ठाऊक नसतो, म्हणून प्रत्यक्षात जास्त वेळ लागतो. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने तिजोऱ्यांसाठी ‘आयएस ५५०’ आणि स्ट्राँगरूमच्या दारांसाठी ‘आयएस १११८८’ ही मानके ठरवली आहेत.

आता हिशेब मांडू. समजा, तिजोरी ३० मिनिटांची आहे आणि घाव बसताच भोंगा वाजला. पोलीस २० मिनिटांत पोहोचले तर तिजोरी जिंकली. पण घाटाखालच्या एखाद्या शाखेपर्यंत यायला ४५ मिनिटे लागत असतील, तर तीच तिजोरी १५ मिनिटांनी हरली. आणि भोंगा वाजलाच नाही, तर चोराला सकाळपर्यंत मोकळे रान. म्हणजे तिजोरी, भोंगा आणि पोलीस ठाण्याचे अंतर हे तिन्ही मिळून एक यंत्र होते. त्यातला एक भाग निकामी झाला की उरलेले दोन लंगडे पडतात.

लालबागचा वकील

भारतात या शास्त्राची सुरुवात मुंबईत झाली. अर्देशीर गोदरेज हे शिक्षणाने वकील. ती वाट सोडून त्यांनी आधी शस्त्रक्रियेची हत्यारे बनवण्याचा उद्योग सुरू केला. हत्यारे उत्तम होती, पण त्यांवर ‘भारतात बनवलेले’ असा ठसा हवा, हा त्यांचा आग्रह इंग्रज ग्राहकाला मान्य झाला नाही आणि तो धंदा थांबला. त्यानंतर मुंबईतल्या वाढत्या घरफोड्यांच्या बातम्या वाचून ते कुलपांकडे वळले, असे सांगितले जाते. १८९७ मध्ये लालबागेत त्यांचा कुलपांचा कारखाना सुरू झाला आणि पाच वर्षांनी, १९०२ मध्ये, तिथून पहिली तिजोरी बाहेर पडली.

त्या काळी तिजोरीला चोराइतकीच भीती आगीची होती. सावकाराची खातेवही, जमिनीचे दस्त, कर्जरोखे सगळे कागदावर. पोलाद आगीत वितळत नाही, पण ते उष्णता झपाट्याने आत नेते. नुसत्या पोलादी पेटीत ठेवलेला कागद ज्वाळा न लागताही आतल्या आत कोळसा होतो.

याचा तोडगा आपल्या आजीबाईंच्या बटव्यात आहे. तव्यावर तुरटी ठेवली की ती वितळते, खदखदते आणि फुलून तिची लाही होते. त्या वेळी तुरटीच्या स्फटिकात अडकलेले पाणी वाफ होऊन निघून जात असते. तुरटीच्या वजनाचा जवळपास ४५ टक्के भाग पाणीच असते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले तिजोरी बनवणारे दुहेरी पत्र्याच्या मध्ये ही तुरटी लाकडाच्या भुशात मिसळून भरत. बाहेर आग लागली की तुरटीतले पाणी वाफ होऊ लागते. त्यात उष्णता खर्च होत राहते आणि पाणी संपेपर्यंत आतले तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही.

जिप्समही हेच करते. त्यात सुमारे २१ टक्के पाणी असते. त्यातले बरेचसे पाणी भाजून काढले की गणपतीच्या मूर्तींचे प्लॅस्टर तयार होते, आणि त्यात पुन्हा पाणी मिसळले की ते घट्ट होऊन बसते. अग्निरोधक तिजोरीच्या भिंतीतले मिश्रण अशाच पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थांचे असते. कागदासाठीच्या चाचणीत बाहेर भट्टी पेटलेली असताना आतले तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये, अशी अट असते.

अशा तिजोरीची मोठी कसोटी १४ एप्रिल १९४४ रोजी लागली. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गाठी, सोन्याच्या लगडी आणि सुमारे १४०० टन स्फोटके एकत्र भरलेली होती. कापसाला आग लागली आणि दुपारी चारनंतर दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मेली, आसपासच्या वस्त्या आणि वखारी जळत राहिल्या. त्या राखेतून निघालेल्या आपल्या तिजोऱ्यांतले कागद आणि ऐवज शाबूत होते, असे गोदरेज कंपनीच्या इतिहासात नोंदले आहे.

दोन गोष्टी मात्र ध्यानात ठेवाव्यात. अग्निरोधक म्हणजे चोररोधक नव्हे. प्लॅस्टरसारखा मऊ भराव चोराच्या पहारीपुढे टिकत नाही. आणि कागदाला वाचवणारी तिजोरी पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क वाचवीलच असे नाही, कारण त्या बऱ्याच कमी तापमानाला खराब होतात.

पोलाद जळते

गॅस कटरने एटीएम कापल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो. त्यात पोलाद वितळवले जाते, असा समज आहे. खरे तर ते जाळले जाते. पोलादाचा एक ठिपका सुमारे ९०० अंशांपर्यंत, म्हणजे लालभडक होईपर्यंत तापवला आणि त्यावर शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडला की लोखंड लाकडासारखे पेट घेते. जळताना ते स्वतःच उष्णता देते, त्याची राख पातळ होऊन झोताबरोबर उडून जाते आणि खाली ताजे पोलाद उघडे पडते. म्हणून नुसती जाडी वाढवून फारसा फायदा होत नाही. सरपण जाड असले म्हणून जळायचे थांबत नाही.

म्हणूनच चांगल्या दारात वेगवेगळ्या स्वभावाचे थर एकावर एक बसवतात. तांबे असे जळत नाही. उलट उष्णता इतक्या वेगाने आजूबाजूला पसरवते की एका ठिकाणी तापमान चढतच नाही. काँक्रीटही जळत नाही. त्यात कुरुंदासारखे अतिकठीण खडे मिसळले की ड्रिलचे पाते त्यांवर घसरते आणि बोथट होते. मँगनीजयुक्त पोलादावर जितके घाव घालावेत तितका त्याचा पृष्ठभाग कठीण होत जातो. चोराने आग आणली तर तांबे आणि काँक्रीट आडवे येतात, ड्रिल आणले तर कुरुंद. प्रत्येक थरापाशी त्याला हत्यार बदलावे लागते आणि घड्याळ पुढे सरकत राहते.

यातला सर्वांत चतुर भाग साधा आहे. दाराच्या आत कुलपाजवळ काचेची एक पट्टी बसवतात आणि तिला ताणलेल्या तारा बांधतात. त्या तारांनी स्प्रिंगचे दुसरे खटके रोखून धरलेले असतात. ड्रिल आत शिरून काच फुटली की तारा सुटतात आणि ते खटके सटासट आपापल्या खाचांत जाऊन बसतात. आता खरी किल्ली आणली तरी दार उघडत नाही. कंपनीच्या कारागिराला बोलावून तासन्‌तास काम करावे लागते. याला वीज लागत नाही, सिग्नल लागत नाही आणि याची वायर बाहेरून कापता येत नाही.

दार मजबूत, जमीन कच्ची

इतके करूनही चोर दाराशी येतीलच असे नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईतल्या जुईनगर इथे बँक ऑफ बडोदाच्या शाखेत हेच दिसले. टोळीने त्याच इमारतीत एक गाळा भाड्याने घेऊन काही महिने दुकान थाटले आणि आतल्या आत भुयार खोदून थेट लॉकरच्या खोलीची जमीन फोडली. ११ नोव्हेंबरला दुसरा शनिवार होता, दुसऱ्या दिवशी रविवार. सोमवारी शाखा उघडली तेव्हा सुमारे ३० लॉकर रिकामे झालेले होते. त्याआधी दहा वर्षांपूर्वी, ३० डिसेंबर २००७ च्या रविवारी, केरळातल्या चेलेंब्रा इथे साउथ मलबार ग्रामीण बँकेत चोर खालच्या मजल्यावरून आले. तिथले उपाहारगृह चालवायला घेऊन त्यांनी नूतनीकरणाचा बहाणा केला, छताला भोक पाडले आणि बँकेतले सुमारे ८० किलो सोने नेले.

दोन्हीकडे चोरांनी दाराला हात लावला नाही. आपल्याला लागणारा वेळ त्यांनी सुट्टीच्या दिवसांतून घेतला. स्ट्राँगरूमला चार भिंती, छत आणि जमीन अशा सहा बाजू असतात, आणि ती सर्वांत कमजोर बाजूइतकीच मजबूत असते. लोखंडी सळ्यांचे जाळे घातलेले काँक्रीट सहाही बाजूंनी हवे, आणि खोदकामाचे हादरे टिपून भोंगा वाजवणारे यंत्र जमिनीतही हवे. ग्रामीण भागात पुष्कळ शाखा भाड्याच्या इमारतींत असतात. घर किंवा दुकान म्हणून बांधलेल्या विटांच्या भिंतीत पोलादी दार बसवले, तर चोराने दार सोडून भिंतच फोडावी, असे त्याला सुचवल्यासारखे होते.

भ्यालेल्या माणसाला वाचवणारे कुलूप

आतापर्यंत चोर आणि पोलाद यांचाच विचार केला. पण किल्ली माणसाजवळ असते, आणि पोलादापेक्षा माणूस लवकर मोडतो. जानेवारी १८७६ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थॅम्प्टन गावात बुरखेधारी दरोडेखोर मध्यरात्री बँकेच्या रोखपालाच्या घरात घुसले. घरातल्या सर्वांना बांधून घातले, रोखपालाचा छळ केला आणि तिजोरीच्या कुलपाचे आकडे त्याच्याकडून वदवून घेतले. मग बँकेत जाऊन दहा लाख डॉलरहून अधिक किमतीची रोकड आणि रोखे नेले. कुलपात काही दोष नव्हता. त्याचे आकडे ज्याला ठाऊक होते, तो त्या रात्री एकटा सापडला.

यावरचा उपाय त्याच सुमारास बाजारात आला होता. जेम्स सार्जंट याने १८७३ मध्ये घड्याळाचे कुलूप तयार केले. संध्याकाळी दार बंद करताना किती तासांनी ते उघडायचे, तेवढी चावी घड्याळाला द्यायची. ती वेळ होईपर्यंत खरी किल्ली, खरे आकडे, खुद्द व्यवस्थापक, काहीही चालत नाही. अशा कुलपात बहुधा तीन घड्याळे असतात. त्यातले एक चालू राहिले तरी दार उघडते. तिन्ही बंद पडली तर बँकेलाच स्वतःच्या दाराबाहेर उभे राहावे लागेल, म्हणून ही खबरदारी. नॉर्थॅम्प्टनसारख्या घटनांनंतर या कुलपांची मागणी वाढली.

या शोधाचा लाभ पैशाइतकाच रोखपालाला आणि त्याच्या मुलाबाळांना झाला. ‘मला उघडता येतच नाही’ हे वाक्य खरे असेल, आणि दरोडेखोरालाही ते ठाऊक असेल, तर छळ करून काही साधत नाही. आज वापरात असलेले विलंबाचे कुलूप याच जातीचे. आकडे दाबल्यावर ते ठरलेली काही मिनिटे थांबते आणि मगच उघडते. दरोडेखोराला ती दहा-पंधरा मिनिटे परवडत नाहीत.

यामागे शरीरशास्त्रही आहे. समोर पिस्तूल आले की ॲड्रिनॅलिन उसळते, छाती धडधडते, हातांना घाम सुटतो, बोटे थरथरतात. मोठ्या स्नायूंना बळ मिळते, पण बारीक कामे बिघडतात. रोज हाताला सवयीची असलेली किल्ली भोकात शिरत नाही, पाठ असलेले आकडे आठवत नाहीत. लक्ष त्या शस्त्रावर खिळते आणि आजूबाजूचे दिसेनासे होते. यात भित्रेपणा काही नाही, कुणाचेही शरीर असेच वागते. म्हणून अशा वेळी घाबरलेल्या माणसाकडून बारीक काम करून घ्यावे लागणार नाही, अशीच यंत्रणा चांगली. धोक्याचे बटण रोखपालाच्या पायाशी बसवतात ते यासाठीच. हात वर केलेले असतानाही ते दाबता येते.

प्रसंग टळल्यावर पैशाची मोजदाद लगेच होते, माणसांची मात्र राहून जाते. झोप न लागणे, दार आपटले तरी दचकणे, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे हे पहिल्या काही दिवसांत स्वाभाविक असते. महिन्याहून अधिक काळ ते चालू राहिले, कामावर जावेसेच वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. त्यावर उपचार आहेत. आणि ग्राहक म्हणून आपण अशा प्रसंगात सापडलोच, तर शौर्य गाजवू नये. दरोडेखोराशी झटापट करण्यासारखे बँकेत काहीही नसते.

दोन किल्ल्यांचा करार

लॉकरच्या कुलपात पातळ पत्त्यांची चळत असते. प्रत्येक पत्तीला खाच असते आणि सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच खटका सरकतो. किल्लीचे दाते पत्त्यांना नेमके तेवढेच उचलतात. यात दोन संच असतात. एक बँकेच्या किल्लीने सरळ होतो, दुसरा आपल्या. उघडताना दोन्ही किल्ल्या लागतात, म्हणजे बँकेला एकटीला उघडता येत नाही आणि आपली किल्ली चोरणाऱ्यालाही नाही. स्ट्राँगरूमच्या किल्ल्याही अशाच दोन अधिकाऱ्यांकडे वाटून दिलेल्या असतात. एकट्या माणसाच्या हाती सगळे न देणे, हे या साऱ्या रचनेचे सूत्र आहे.

पण लॉकरच्या पेट्या कापायला स्ट्राँगरूमच्या दाराइतका वेळ लागत नाही. त्यांचे खरे संरक्षण बाहेरची खोली करते. त्यामुळे जबाबदारीचे नियम माहीत असावेत. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केलेले लॉकरचे सुधारित नियम १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटींपर्यंत आहे. भाडे २००० रुपये असेल तर दोन लाख. आजच्या भावाने तेवढ्यात किती सोने बसते, हे ज्याचे त्याने मांडून पाहावे. पूर, भूकंप, वीज पडणे यांमुळे झालेल्या नुकसानीला बँक सहसा जबाबदार नसते. लॉकरमध्ये काय आहे, हे बँकेला माहीत नसते, म्हणून यादी, छायाचित्रे आणि पावत्या आपणच घरी किंवा विश्वासू माणसाकडे ठेवाव्यात. ऐवज मोठा असेल तर वेगळा विमा उतरवावा. लॉकर उघडला गेला की त्याच दिवशी संदेश आला पाहिजे, म्हणून बँकेकडे आपला मोबाइल क्रमांक चालू असलेलाच हवा.

तारण ठेवलेल्या सोन्याची गोष्ट वेगळी आहे. ते बँकेने वजन करून, पावती देऊन ताब्यात घेतलेले असते. ती पावती कर्ज फिटून दागिना हाती येईपर्यंत सांभाळावी.

आणि बँकेत गेल्यावर विचारायला काहीच हरकत नाही, असे तीन प्रश्न: लॉकरची खोली सहाही बाजूंनी काँक्रीटची आहे का? भोंग्याची शेवटची चाचणी कधी झाली? तो वाजल्यावर ठाण्यातून माणूस यायला किती वेळ लागतो? तिजोरीवर कंपनीचे नाव ठळक असते, पण तिच्या भरवशाचे मोल या तिसऱ्या उत्तरातल्या मिनिटांवर ठरते.